मी सोडून सगळ्यांनी भंडारा उचलला

माझी मामी जिना उलटा उतरते. तोंड पायऱ्यांकडे, दोन्ही हात कठड्याला, आणि एकेक पाय मागे चाचपत खाली. शिडीवरून उतरतात तसं. मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर तळाला आणि राहायच्या खोल्या वर, त्यामुळे दिवसातून कितीदा हे चालतं ते तिलाच ठाऊक. नव्या माणसाला वाटतं, काहीतरी विसरलंय म्हणून बाई परत वर निघाल्यात.

तिचे दोन्ही गुडघे गेलेत. मिरजेच्या डॉक्टरांनी बदलायला सांगितलेत. सरकारी योजनेचे कागद केले, ते कुठे आणि का अडले ते इथे सांगत बसत नाही, त्याचं वेगळं पत्रक होईल. ऑपरेशनचे पैसे मामांच्या मंगल कार्यालयाच्या बिलांतून उभे राहायचे होते. ती बिलं पार्ट्या भरवणाऱ्या एकाने बुडवली. मी सगळ्यांना हे असंच सांगते. सभेत सांगते, चहाच्या गाड्यावर सांगते, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला सांगते. ऐकणाऱ्याला चीड येते. मला हवी असते तशीच येते.

यात खोटं काही नाही. फक्त हे अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी कुठल्या पत्रकात घातलं नाही.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. विट्याच्या भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात जातात. लांबच्या कुठल्यातरी शहरात सराफ गल्लीत एक खोली घ्यायची आणि सराफांचं जुनं सोनं आटवून, शुद्ध करून द्यायचं. मामांची उमेदीची वर्षं दक्षिणेकडच्या एका शहरात अशीच भट्टीपुढे गेली. अ‍ॅसिडने नखं पिवळी पडली ती पडलीच. त्या धंद्यात सगळं शब्दावर चालतं. सराफाचा माणूस येतो, पुडी टाकतो, जातो. पावती मागणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. धूर सोसेना तेव्हा मामा गावी आले आणि विट्याजवळ रस्त्याकडेला कार्यालय बांधलं. पुढे हॉल, मागे लॉन, वर दोन खोल्या. धंदा बदलला. शब्दावर चालायची सवय बदलली नाही.

बिल मागायची त्यांची वेळ ठरलेली होती. नवरीची पाठवणी झाल्यावर. गाडी फाटकाबाहेर पडली, नवरीचा बाप डोळे पुसत प्लॅस्टिकच्या खुर्चीत टेकला, मामीने त्याला चहा दिला, आणि तो चहा पिऊन झाला की मामा शेजारी खुर्ची ओढणार. "झालं न्हवं सगळं रीतसर?" असं विचारणार. मग बिल. त्याच्या आधी नाही, मग समोरचा बंगल्यातला असो नाहीतर पत्र्याच्या शेडातला.

यामागे माझ्या आईचं लग्न आहे. ते साताऱ्यात झालं. पाठवणीच्या वेळी तिथल्या कार्यालयवाल्याने फाटकाला साखळी लावली. आधी बिल, मग नवरी. आजोबा मांडवात पाहुण्यांपुढे हात पसरत फिरले. मामा तेव्हा गलाईत नवे होते, बहिणीच्या लग्नासाठी म्हणून आलेले. त्यांनी बोटातली अंगठी काढून दिली तेव्हा साखळी निघाली. आईने हे सगळं फुलांनी सजवलेल्या गाडीत बसून पाहिलं. आमचं घर साताऱ्यातच आहे, पण आई त्या रस्त्याने अजून जात नाही, लांबून वळसा घेते. मी मोठी झाल्यावर त्या कार्यालयवाल्यावर पत्रक काढायला निघाले होते. तो वारला होता.

तर पार्टीवाला. तो पुण्याचा. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत तिकीट लावून मोठमोठ्या पार्ट्या भरवायचा. डीजे, भिंतीएवढा पडदा, धुराची यंत्रं. दिवाळीत आणि यात्रेच्या दिवसांत गलाईवाली पोरं गावी येतात, खिशात पैसा असतो आणि करायला काही नसतं, हे त्याने बरोबर हेरलं होतं. पहिल्यांदा मामांकडे आला तेव्हा पांढरे बूट बाहेर काढून मामीच्या पाया पडला आणि खाली मांडी घालून पिठलं-भाकरी मागून खाल्ली. मामी विरघळली. मी नाही विरघळले, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. पण "ताई, तुमची पत्रकं वाचलीत मी, लय धारदार असतात," असं तो म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

दिवाळीतली पहिली पार्टी झाली. शेवटची मोटारसायकल फाटकाबाहेर गेल्यावर मामांनी खुर्ची ओढली, रीतसर विचारलं, आणि त्याने तिथल्या तिथे बिल चुकतं केलं. "पोरगं वळणाचं हाय," मामा म्हणाले. यात्रेच्या वेळची दुसरी पार्टी झाली, तेव्हा अर्धं दिलं आणि अर्धं पुढच्या वेळी म्हणाला. पुढची वेळ म्हणजे रंगपंचमी. कृत्रिम पाऊस पाडायचा आणि त्यात पोरांनी नाचायचं. मी कामाच्या गावाहून, सांगलीहून, मुद्दाम भांडायला गेले.

"मामा, पलीकडच्या गावांत टँकर चालू आहेत आणि तुम्ही नाचायला पाऊस पाडताय?"

"माज्या बोअरचं पानी हाय. उसाला बी जातंयच की. तवा न्हाई निघत तुजं पत्रक."

मी दुसरीकडून धरलं. "मागचं अर्धं तरी आधी घ्या. आणि या वेळी अ‍ॅडव्हान्स घ्या."

"कार्य व्हायच्या आदी पैसं मागू? मी काय साखळीवाला हाय व्हय?"

"हे कार्य नाही, मामा. पार्टी आहे. इथं नवरी नाही का नवरा नाही."

"मानसं येत्यात, जेवत्यात, नाचत्यात. दारात आलेल्याचं कार्यच असतंय ते."

रंगपंचमीला संध्याकाळी गर्दी पुढच्या फाटकाने बाहेर पडत होती. भिजलेली, रंगलेली पोरं, कुणाची चप्पल हरवलेली, कुणी हसतंय, कुणी ओकतंय. मामा पायरीवर उभे राहून शेवटचा माणूस जायची वाट बघत होते. तो गेला. मामांनी खुर्ची उचलली, लॉनवर आले आणि खुर्ची कुणाशेजारी मांडायची ते शोधू लागले. पार्टीवाला मागच्या बाजूने, उसाच्या कडेच्या वाटेने निघून गेला होता. पाठवणी रीतसर झाली होती. बापच पळाला होता.

पुढे फोनवर "या आठवड्यात", "पुढच्या आठवड्यात", मग "साहेब मीटिंगमध्ये आहेत". पावसाळ्याच्या तोंडावर बातमी आली की कंपनीचं दिवाळं निघालंय. कंपनी बुडाली, माणूस मस्त तरंगत होता. गाडी बायकोच्या नावावर, फ्लॅट सासऱ्याच्या नावावर. हे वाक्य मी तेव्हा पत्रकात टाकलं होतं आणि आजही त्यातला शब्द मागे घेत नाही.

मी सांगलीत एका छोट्या युवक संघटनेचं काम करते. सायकलच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल, शाईचे डाग. कॉलेजपासून पत्रकं लिहिते. फी वाढली, पत्रक. कंत्राटी सफाईवाल्यांचा पगार थकला, पत्रक. बोलायला मी फटकळ आहे आणि एका पानात माणूस पेटवता येतो, याचा मला माज होता. या बुडालेल्या बिलांत मला लढा दिसला. साताऱ्याचा लॉनवाला, कराडचा जनरेटरवाला, सांगली-मिरजेचे हॉलवाले, आचारी, मांडववाले, सगळ्यांना मी शोधून काढलं आणि मामांच्याच हॉलमध्ये बैठक बोलावली. घरच्या माणसाचं बिल बुडालंय म्हणून ही बाई उठलीय असं कुणी म्हणू नये, यासाठी मी पत्रकात मामांचं नाव सगळ्यात शेवटी घातलं. माझा नि:पक्षपातीपणा.

बैठकीत मी बोलले. तो एकेकाला गाठेल, म्हटलं. तुम्हाला थोडं देईल, यांना नाही देणार, आणि सगळे गप्प होतील. सगळ्यांचं मिळून मिटवायचं. एकट्याने कुणी मिटवायचं नाही. हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत छापून आणलं होतं. खाली सह्यांसाठी जागा सोडली होती.

सह्या करायला कुणी पुढे येईना. मग कराडचा जनरेटरवाला उठला. जाडजूड, हसरा माणूस, दोन्ही हातांवर ग्रीसच्या जुन्या रेघा. "ताई, कागुद चांगला हाय तुमचा. पर सह्या लय झाल्या आमच्या आयुष्यात. त्या पार्टीवाल्यानं बी केलीवती सही. भंडारा उचला म्हनावं सगळ्यांनी. मग कोन फुटतो बघू."

आमच्याकडे देवापुढची हळद हातात घेऊन शब्द दिला की त्याला भंडारा उचलणं म्हणतात. खंडोबाच्या साक्षीने दिलेला शब्द. मोडला तर घराचं वाटोळं, अशी समजूत. निवडणुकीत पैसे वाटून झाले की उमेदवाराची माणसं मतदारांना भंडारा उचलायला लावतात. त्याविरुद्ध आमच्या संघटनेने पत्रक काढलं होतं. "देवाच्या धाकाने घेतलेला शब्द हा शब्द नव्हे, वेठ आहे." वाक्य माझं. गावोगाव वाटलं होतं.

मी त्या वेळी नाही म्हणायला पाहिजे होतं. उभी राहून सांगायला पाहिजे होतं की लोकहो, हे नको, सही करायची तर करा नाहीतर घरी जा. पण हॉलमध्ये एकदम जान आली होती. माना हलत होत्या. आणि मला लढा हवा होता. मी मामीकडे बघितलं. ती जिन्याकडे गेली, वर चढली. चढताना ती सरळ चढते, उतरताना उलटी. पितळेच्या वाटीत भंडारा घेऊन ती उलटी खाली आली, एक हात कठड्याला आणि एका हातात वाटी, आणि एवढ्या माणसांतल्या कुणी उठून तिच्या हातातली वाटी घेतली नाही. मीसुद्धा नाही. मी घोषणा काय द्यायची त्याचा विचार करत होते.

एकेकाने चिमूट घेतली, कपाळाला लावली, म्हणाला, एकट्याने मिटवणार नाही. मामा सगळ्यात शेवटी. त्यांनी चिमूट नाही, मूठ घेतली.

जनरेटरवाला माझ्याकडे वळला. "ताई, तुमी न्हाई उचलनार?"

"माझा विश्वास नाही."

"आमचा तरी कुटं हाय," तो म्हणाला, आणि सगळा हॉल हसला. मीही हसले. मामा हसले नाहीत. ते हात धुवायला गेले नाहीत, संध्याकाळपर्यंत तळहात पिवळा ठेवून फिरत होते.

पुढचे काही आठवडे मी धडाक्यात होते. पत्रकं, निवेदनं, पुण्याला त्याच्या कार्यालयापुढे धरणं. धरण्याला यायचा खर्च ज्याचा त्याने केला. मामा पहाटेच्या एसटीने आले, दुपारभर उन्हात बसले, मामीने दिलेली भाकरी शेजारच्यांना वाटली.

मग कुजबुज सुरू झाली. साताऱ्याच्या लॉनवाल्याकडे तो भिंतीएवढा पडदा बिलापोटी आलाय म्हणे. कराडच्या जनरेटरवाल्याला काहीतरी रोख मिळालंय म्हणे. पडदा मी साताऱ्याला घरी गेले तेव्हा स्वतः बघितला. लॉनवर कुणाच्यातरी साखरपुड्यात लावला होता. मग कराडला गेले. जनरेटरवाला शेडमध्ये एका यंत्राखाली आडवा होता. मला बघून बाहेर आला, कापडाला हात पुसले, चहा सांगितला.

"तुम्ही भंडारा उचलला होता," मी म्हणाले.

"व्हय."

"तुम्हीच सुचवलं होतं."

"सुचवलं की. कर्जाचा हप्ता बी मीच भरतो. हप्ता काय भंडारा बघतोय?" चिडला नव्हता तो. उलट मला समजावत होता. "आवं ताई, तुमीच म्हनला, इस्वास न्हाई म्हनून. मी म्हनलं, एवडी शिकलेली बाई उचलत न्हाई, म्हंजे काय तसं न्हाई हे. थोडं मिळतंय तर घ्यावं. चा घ्या, गार हुतोय."

चहा न घेता मी निघाले. विट्याच्या एसटीत पत्रकाचा मथळा ठरवला: फितूर. खाली नावं. आणि त्याखाली मामांची सही, कारण भागात मामांच्या सहीला किंमत आहे. मी पोहोचले तेव्हा मामा बाजारला गेले होते. मामी वरच्या खोलीत गुडघ्यांना तेल लावत बसली होती. मी तावातावाने सगळं सांगितलं. कोण कोण फुटलं, कुणी काय घेतलं.

"इकडं बी आलता की त्यो," मामी म्हणाली.

"कोण?"

"त्या पार्टीवाल्या पोराचा मेव्हणा. मिठाईच्या पिशवीत पैसं घेऊन. निम्म्याच्या वर हुतं, तुजं मामा म्हनलं. मला वाटलं, पेढं आनल्यात."

"मग?"

"मग काय. मामा म्हनलं, बाकीच्यास्नी दिलं का? त्यो म्हनला, त्यांचं बघू मागनं. मामा म्हनलं, मंग माजं बी मागनंच बघा. मी भंडारा उचललाय. पिशवी परत दिली. चा पाजला त्याला, आन लावला वाटंला."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते सांगते. मला आनंद झाला. फितूरांच्या पत्रकात हे घालायचं, म्हटलं. एका बाजूला फुटलेले आणि दुसऱ्या बाजूला हा माणूस, पिशवी परत करणारा. काय जोर येईल. मी कागदही काढला.

"निम्म्याच्या वर म्हणजे तुझ्या ऑपरेशनचे झाले असते का गं?" मी सहज विचारलं. पत्रकात तेही घालता येईल म्हणून.

"दोन्ही गुडघं झालं असतं," मामी म्हणाली. "चल, पीठ भिजवायचंय." आणि ती उठली, जिन्याशी गेली, वळली, कठडा धरला आणि उलटी उतरू लागली. तोंड माझ्याकडे होतं. मी वर उभी होते, हातात पेन. एक पाय मागे जायचा, पायरी सापडायची नाही, परत यायचा, परत जायचा. दर पायरीला तिचा श्वास दातांतून यायचा आणि माझ्याकडे बघून ती कसनुशी हसायची, लहान पोराला भीती वाटू नये म्हणून हसतात तशी.

मामा बाजारहून आले तेव्हा मी पायरीवर बसले होते. पत्रकाचा कागद घडी करून पिशवीत टाकला होता.

"मामा, त्या मेव्हण्याला फोन लावा. घ्या ते पैसे."

पिशवीतून भाजी काढता काढता ते थांबले. "का?"

"बाकीच्यांनी घेतलेत. शब्द मोडलाय त्यांनी. आता तुमच्यावर तो राहत नाही."

"त्यांनी मोडला म्हनून माजा सुटतो व्हय?"

"असं काही नसतं मामा. हळद आहे ती. मी सांगते ना, काही होत नाही."

"मग उचलायला का लावलास?"

रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. ते खरंच विचारत होते. त्यांना वाटलं असेल की शिकलेल्या भाचीकडे याचं काहीतरी उत्तर असेल.

"मी नाही लावलं. तो जनरेटरवाला..."

"तू हुतीस की हितंच," मामा म्हणाले. "तू नगं म्हनली असतीस तर झालं नसतं. तुजं ऐकत हुती मानसं." मग भाजी पुन्हा काढायला लागले. "आन तुजा तर इस्वास न्हाई. मग सोडवायला कशाला आलीस?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या नकळत मेव्हण्याचा नंबर मिळवून फोन केला. ज्या माणसाविरुद्ध मी घोषणा दिल्या होत्या त्याच्याशी मी मऊ आवाजात बोलले. माझ्या मामांचं मिटवून टाका म्हणाले. एकट्यांचं. हे मी म्हणाले, एकट्याने मिटवायचं नाही हे वाक्य छापणारी. मनात हिशोबही करून ठेवला होता की मामांना कळू न देता पैसे मामीकडे कसे द्यायचे, भंडारा तिने उचलला नव्हता ना, तिने फक्त आणला होता.

तो अगदी सभ्यपणे बोलला. "मॅडम, आता दिवाळखोरीचा अर्ज दाखल झालाय. आता आम्हाला कुणाला एक रुपया देता येत नाही. जे काय ते न्यायाधिकरणातून होणार. तुमच्या मामांना मी घरी येऊन, समोर ठेवून सांगितलं होतं. त्यांनीच घेतले नाहीत." फोन ठेवता ठेवता म्हणाला, "चांगला माणूस आहे."

त्याच्या तोंडून हे ऐकणं हा माझ्या कामातला सगळ्यात घाण क्षण आहे.

आम्ही दावा लावला. रीतसर, कागदपत्रांसह. तिथे रांग असते. बँका पुढे, आम्ही मागे. साताऱ्याचा लॉनवाला आणि कराडचा जनरेटरवाला त्या रांगेत नाहीत, त्यांचं मिटलंय. जे शब्दाला राहिले ते रांगेत आहेत. तिथून मामांना काही मिळेल असं मला वाटत नाही. वकिलालाही वाटत नाही, तो फक्त तसं बोलत नाही.

फितूर हे पत्रक निघालं नाही. संघटनेत विचारलं, का थांबलं. मी कागद महागल्याचं सांगितलं. खरं कारण हे की जनरेटरवाल्याने त्याच्या घरासाठी जे केलं तेच मामांनी करावं म्हणून मी मेव्हण्याच्या पाया पडायची बाकी राहिले होते.

आता तुम्ही म्हणाल, दोष पार्टीवाल्याचा, तू कशाला मनाला लावून घेतेस. आईही हेच म्हणते. संघटनेतले मोठे कार्यकर्ते म्हणतात, भूमिका बरोबर होती. होती. आजही मी तीच घेईन. एकट्याने मिटवायचं नाही हे खरंच आहे. पण ते खरं टिकवायचं काम मी हळदीवर सोपवलं, जिच्यावर माझा विश्वास नाही, आणि जो खरोखर विश्वास ठेवत होता त्या एका माणसाला त्यात बांधून मोकळी झाले. उमेदवार तरी दुसरं काय करतात?

तुळशीचं लग्न झालं की लग्नं सुरू होतात. तेव्हापासून मी लग्नाच्या तारखांना सांगलीहून विट्याला जाते. मामीला स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची दिलीय. ती बसून हुकूम सोडते, मी आणि बायका करतो. मी पंगतीत वाढायला निघाले की मागून आवाज येतो. "पत्रक वाटल्यागत वाढू नगंस. मान्सं बगून वाढ जरा."

परवा एक लग्न झालं. पाठवणीची गाडी गेली. नवरीचा बाप खुर्चीत बसला. चहा मी नेऊन दिला. मामांनी खुर्ची ओढली, रीतसर झालं का विचारलं. मी लांब उभी राहून बघत होते. त्या माणसाने खिशातून काढलं, मोजलं, काहीतरी बोलला. मामांनी मान हलवली. आत आले तेव्हा मी विचारलं, पूर्ण दिलं का. "थोडं सोमवारी देतो म्हनला."

पूर्वीची मी असते तर तिथेच सुरू झाले असते. आता कुठल्या तोंडाने बोलणार.

सगळं आवरल्यावर आम्ही तिघं वरच्या खोलीत बसलो. मामा म्हणाले, "या तारखांच्या पैशात एक गुडगा हुईल. एकेक केलं तरी चालतंय म्हनतोय डागदर. एकेक करू."

"कुठला आधी?" मी विचारलं.

"डावा," मामी लगेच म्हणाली. तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. "उतरताना त्यो लय दगा देतो."

"आणि उजवा?"

"उजवा तुज्या त्या पार्टीवाल्याचा. त्यो दील तवा बगू." ती हसली. मामा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता सांगावं, मी फोन केला होता, एकट्यांचं मिटवा म्हणाले होते. मग वाटलं, ते सांगून हलकी कोण होणार. मीच.

गॅस बंद केलाय का ते बघायला मामी उठली. तिला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही. जिन्याशी जाऊन ती वळली. मी तिच्या बाजूने पुढे होऊन दोन पायऱ्या खाली उतरले आणि मागून तिच्या पाठीला हात लावून उभी राहिले.

"धरू नगंस गं," ती म्हणाली. "पडलो तर दोगी पडू."

मी हात काढला नाही. तिचा पाय मागे आला, पायरी शोधायला लागला.